म्हातारी कोंबडी मलूल होऊन बसते तेव्हा: औषधाच्या आधी काय पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंगणात चार कोंबड्या आहेत आणि त्यांतली सर्वांत जुनी साधारण सहा वर्षांची, वजनाने दोन किलोच्या आसपास. गेले पाच दिवस ती पिसे फुगवून, शेपटी खाली टाकून एका कोपऱ्यात उभी राहते. दाणे टाकले की येते, पण दोन-चार टिपून परत फिरते, आणि हात नेला तरी काहीच करत नाही. तुरा फिका पडला आहे, विष्ठा हिरवट आणि पातळ आहे, आणि उचलल्यावर तिचा मागचा भाग जड लागतो. वर्षभरात तिने अंडे दिलेले नाही. प्रश्नकर्त्याने शेवटी दोन गोष्टी विचारल्या आहेत: तिला कोणते औषध द्यावे, आणि हे म्हातारपणच असेल तर तिला शांतपणे जाऊ द्यावे का.

मी पशुवैद्य आहे आणि गेली 22 वर्षे माझ्याकडे घरगुती कोंबड्या येत आल्या आहेत. या दोन प्रश्नांच्या मध्ये एक तिसरा प्रश्न राहून गेला आहे आणि खरी अडचण तिथेच आहे: या कोंबडीला नेमके काय होते आहे, हे आपण हाताने तपासून कितपत ओळखू शकतो? पिसे फुगवणे, मलूल होणे, खाणे कमी होणे ही लक्षणे जंत झाल्यावर दिसतात, अंडे अडकल्यावर दिसतात, यकृत बिघडल्यावर दिसतात आणि पोटात गाठ झाल्यावरही अगदी तशीच दिसतात. फुगलेली पिसे एवढेच सांगतात की तिला अंगातली ऊब टिकवणे जड जात आहे. तेवढ्यावरून औषधाचे नाव सांगणारा माणूस अंदाजाने बोलत असतो, आणि चुकलेल्या अंदाजाचा त्रास कोंबडीला होतो.

म्हातारपणाबद्दलही आधीच सांगतो. घरगुती कोंबडी सर्वसाधारणपणे पाच ते आठ वर्षे जगते आणि नीट सांभाळलेल्या काही कोंबड्या दहाच्या पुढेही जातात. वयामुळे ती अंडी कमी देईल, दांडीवर चढताना अडखळेल, उन्हात जास्त वेळ पडून राहील. पण केवळ वयामुळे ती पाच दिवस पिसे फुगवून कोपऱ्यात उभी राहत नाही. कोंबडी ही शिकार होणाऱ्या प्राण्यांच्या जातीची असल्यामुळे आजार लपवण्यात ती तरबेज असते. आजार आपल्या नजरेस येतो तो तिला लपवणे अशक्य झाल्यावर. म्हणून तुम्हाला पाच दिवस दिसलेला आजार आत बहुधा काही आठवड्यांचा असतो, आणि आता वाट पाहण्यात अर्थ नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे मान्य करायला हवे. पक्षी तपासणारा पशुवैद्य तुमच्या आवाक्यात आहे की नाही, सध्या थंडी आहे की कडक ऊन, ही कोंबडी भरपूर अंड्यांसाठी पैदास केलेल्या जातीची आहे की कमी अंडी देणाऱ्या, आणि पूर्वी तिने कवच नसलेली किंवा वेडीवाकडी अंडी दिली होती का, यावर माझे उत्तर काही ठिकाणी बदलेल. पहिल्या काही तासांत करायचे काम मात्र सगळीकडे सारखेच आहे आणि ते म्हणजे ऊब.

पक्ष्याच्या अंगाचे तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. खाणे तुटलेल्या कोंबडीला ते टिकवण्यासाठी स्वतःचे स्नायू जाळावे लागतात. तिला बाहेरून ऊब दिली की ती शक्ती वाचते. तिला सहज वळता येईल एवढे खोके घ्या, तळाशी जुने सुती कापड अंथरा आणि एका टोकाला 27 ते 30 अंशांपर्यंत ऊब राहील अशी सोय करा. कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवीही चालते, फक्त ती निवली की बदलावी लागते. दुसरे टोक गार ठेवा, म्हणजे नकोसे झाल्यास तिला सरकता येईल. चोच उघडी ठेवून धापा टाकू लागली किंवा पंख अंगापासून दूर धरू लागली तर उष्णता जास्त झाली आहे, आणि कडक उन्हाळ्यात बाहेरून ऊब देण्याची गरजच पडत नाही. दिवा वापरत असाल तर न चिकटणारा लेप दिलेला बल्ब टाळा, आणि त्याच कारणाने खोके स्वयंपाकघरात ठेवू नका. तसल्या लेपाचे भांडे जास्त तापले की निघणारा वायू माणसाच्या लक्षातही येत नाही, पण पक्ष्याच्या फुप्फुसांना तो काही मिनिटांत मारक ठरतो.

वेगळे ठेवायचे म्हणजे नजरेआड करायचे नाही. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचे याची पक्की उतरंड असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलीफ श्येल्डेरुप-एब यांनी शंभर वर्षांपूर्वी ती प्रथम नीट अभ्यासली. अशक्त झालेली कोंबडी या उतरंडीत घसरते, तिला दाण्यांपासून हाकलले जाते, आणि आठवडाभर दिसेनाशी झालेली कोंबडी परत आली की इतर तिला परकी समजून तुटून पडतात. म्हणून दिवसा तिचे खोके किंवा पिंजरा इतरांना जाळीतून दिसेल असा ठेवा. सोबतिणींचा आवाज ऐकून ती खातेही जास्त, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

ऊब मिळाल्यावर पाणी, आणि पाणी पोटात गेल्यावर खाणे. हा क्रम मोडू नका, कारण गार पडलेल्या कोंबडीचे आतडे हलत नाही आणि कोंबलेले अन्न खाद्यपिशवीत नुसते आंबत राहते. निरोगी कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाद्य खाते आणि त्याच्या दुपटीच्या आसपास पाणी पिते. आजारी कोंबडीच्या पोटात निदान किलोमागे 50 मिलिलिटर, म्हणजे तुमच्या कोंबडीला दिवसभरात 100 मिलिलिटर तरी पाणी जावे. तिच्या चोचीचे फक्त टोक कोमट पाण्यात बुडवा. बहुतेक कोंबड्या दोन-तीन वेळा असे केल्यावर स्वतः मान वर करून पिऊ लागतात. नाही प्यायली तर चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडा आणि ती गिळेपर्यंत थांबा.

हे मी इतके बारकाईने सांगतो त्याला कारण आहे. पक्ष्याच्या जिभेच्या बुडाशी श्वासनलिकेचे छिद्र उघडेच असते आणि तोंडात जोराने सोडलेले पाणी थेट त्यात जाते. व्यवसायाच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एक तांबडी म्हातारी कोंबडी आली होती. तिला लवकर पाणी मिळावे या घाईत मी सिरिंजचा दट्ट्या सरळ दाबला. तिने दोनदा मान झटकली, नाकपुड्यांतून बुडबुडे आले, आणि तिला टेबलावर ठेवण्याआधीच ती माझ्या हातात गेली. तिला जो आजार होता त्याने ती त्या दिवशी मेली नसती. तेव्हापासून मी थेंबाथेंबानेच पाणी देतो आणि आणणाऱ्यांनाही तेच बजावतो.

पाणी पिऊन तासाभरात ती थोडी सावध झाली की तिचे नेहमीचेच खाद्य कोमट पाण्यात भिजवून मऊ करून पुढे ठेवा. त्यावर उकडलेल्या अंड्याचा थोडा चुरा टाकल्यास बहुतेक कोंबड्या चोच लावतात. या दिवसांत नवे नवे पदार्थ खाऊ घालून पाहू नका.

आता हाताने तपासायचे. सकाळी दाणे देण्याआधी, उजेडात, शांतपणे. तिला दोन्ही पंखांसह कुशीत धरा, पण छाती आवळू नका: पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचे हाड पुढे-मागे हलवूनच तो श्वास घेतो, आणि घट्ट धरलेली छाती म्हणजे बंद केलेला श्वास. तिला उताणीही करू नका. पोटात पाणी झालेली कोंबडी उताणी केल्यास त्या पाण्याचा भार फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांवर पडतो आणि ती तशीच गुदमरू शकते.

आधी वजन घ्या आणि लिहून ठेवा. एका टोपलीत बसवून स्वयंपाकाच्या काट्यावर केले तरी चालते, फक्त रोज त्याच वेळी करा. दोन किलोच्या कोंबडीचे 200 ग्रॅम वजन घटणे, म्हणजे दहावा हिस्सा जाणे, गंभीर आहे. मग छातीच्या मधल्या उभ्या हाडावरून बोट फिरवा. निरोगी कोंबडीत त्या हाडाच्या दोन्ही बाजूंना स्नायू भरलेला लागतो. स्नायू आटला असेल तर हाड बोथट सुरीच्या धारेसारखे बोटाला टोचते. वजन आणि हे हाड या दोन गोष्टी नेहमी एकत्र वाचा, कारण काट्यावर वजन तेवढेच आणि हाड मात्र रोज जास्त टोकदार, असे असेल तर अंगावरचे मांस जात आहे आणि त्याची जागा पोटातले पाणी किंवा गाठ भरून काढत आहे. नुसता काटा पाहणारा माणूस इथे फसतो.

मग गळ्याच्या खाली, छातीच्या उजव्या अंगाला असलेली खाद्यपिशवी चाचपा. संध्याकाळी ती भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. सकाळी ती भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागली तर आत गवत किंवा लांब तंतू अडकले आहेत. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी लिबलिबीत लागली आणि तोंडाला आंबट वास येत असेल तर आत बुरशी वाढली आहे. अशा वेळी कोंबडीला उलटी धरून पिशवी रिकामी करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो कृपा करून ऐकू नका, कारण वर आलेले ते आंबट पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका फार मोठा आहे. पिशवी बाहेरून हलक्या हाताने चोळा, घन खाणे थांबवा, पाणी चालू ठेवा आणि एका दिवसात फरक पडला नाही तर पशुवैद्याला दाखवा. म्हाताऱ्या कोंबडीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. खाद्यपिशवी तुंबणे हा पुष्कळदा मूळ आजार नसतोच. पोटात वाढलेल्या गाठीने किंवा पाण्याने आतडे दाबले गेले की वरचे सगळेच थांबते, आणि आपण मात्र वरच्या पिशवीवर उपचार करत बसतो.

तुरा फिका असणे याचा अर्थ संदर्भावरून लावावा लागतो. अंडी बंद असलेल्या कोंबडीचा तुरा आक्रसून थोडा फिका होतोच. पण पापणीच्या आतली कडा आणि तोंडाच्या आतला भागही पांढुरका दिसत असेल तर रक्त कमी झाले आहे. त्याचे एक फार साधे कारण असते आणि ते दिवसा सापडत नाही. लाल माइट हे सूक्ष्म किडे दिवसभर खुराड्याच्या फटींत आणि दांड्यांच्या सांध्यांत लपतात आणि रात्री कोंबडीचे रक्त पितात. अंधार पडल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन खुराड्यात जा आणि दांडीच्या खालच्या बाजूवरून पांढरा कागद किंवा कापड ओढून पाहा. त्यावर तांबडे रेघोटे उठले तर कारण हाती लागले. उवा मात्र अंगावरच राहतात, म्हणून गुदद्वाराभोवतीची पिसे बाजूला करून मुळाशी पांढरी अंडी चिकटली आहेत का तेही पाहा. तुरा जांभळट दिसणे वेगळे आणि जास्त काळजीचे, कारण तिथे हृदय किंवा श्वास कमी पडतो आहे.

पायांचे तळवेही उलटून पाहा. तळव्याला मधोमध काळी खपली आणि भोवती सूज असेल तर ते गळू आहे आणि त्याच्या दुखण्याने कोंबडी दिवसभर बसून राहते. सांधे सुजून गरम लागत असतील आणि त्यांत पांढरट खडूसारखे काही दिसत असेल तर मूत्रपिंडे थकल्याची ती खूण असू शकते.

विष्ठेबद्दल तुम्ही लिहिले आहे ते बरे झाले. कोंबडीची नेहमीची विष्ठा तपकिरी आणि तिच्यावर पांढरी टोपी अशी असते. दिवसातून काही वेळा मोहरीच्या किंवा काळपट रंगाची चिकट, वास मारणारी विष्ठा पडते तीही निरोगीच, त्याने घाबरू नका. गडद हिरवी आणि पातळ विष्ठा बहुतेक वेळा एवढेच सांगते की पोटात अन्न जात नाही आणि नुसते पित्त बाहेर पडते आहे. तो परिणाम आहे, आजाराचे नाव नाही. पांढरी टोपी पिवळी झाली असेल तर यकृताकडे लक्ष जायला हवे. जंतांचा संशय असल्यास ताजी विष्ठा डबीत घालून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेता येते, आणि ही तपासणी अंदाजाने जंतनाशक देण्यापेक्षा कितीतरी चांगली.

आता तुमच्या वर्णनातला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो मागचा जडपणा. गुदद्वार आणि दोन्ही पायांच्या मधला पोटाचा भाग तळहातावर तोला. निरोगी कोंबडीत तो मऊ आणि आत गेलेला असतो. पाण्याने भरलेल्या पिशवीसारखा तट्ट लागला तर पोटात पाणी साचले आहे. कणकेसारखा किंवा गठ्ठ्यासारखा लागला तर आत बलक, पू किंवा गाठ आहे. पूर्ण अंडे हाताला लागले, कोंबडी पेंग्विनसारखी उभी राहून जोर करत असेल, तर अंडे अडकले आहे. तेव्हा 15 ते 20 मिनिटे कोमट पाण्यात बसवून, पुसून, उबेत ठेवून लगेच पशुवैद्याकडे न्यावे आणि आतले अंडे फोडण्याचा प्रयत्न घरी करू नये. वर्षभर अंडे न दिलेल्या कोंबडीत याची शक्यता कमी असते, पण शून्य नसते.

म्हाताऱ्या कोंबड्यांचे इतके आजार अंड्याच्या वाटेशीच का जोडलेले असतात, हे समजले तर पुढचे सोपे जाते. कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. त्याची मादी वर्षाला 10 ते 15 अंडी घालते. माणसाने पैदास करून काही जातींत हा आकडा 300 च्या घरात नेला. बीजकोशाला सतत काम करावे लागते आणि त्याची किंमत वय झाल्यावर चुकवावी लागते. अंडे बाहेर पडणे थांबले म्हणजे बीजकोश थांबला असे नसते. सुटलेला बलक अंडनलिकेत न जाता पोटाच्या पोकळीत पडतो, तिथे जंतू वाढले की पोटाच्या आतल्या पडद्याला सूज येते. कधी अंडनलिकेतच पू घट्ट होऊन रबरासारखे थर साचतात आणि ते थर अंड्यासारखे बाहेर पडलेलेही दिसतात. बीजकोशाचा कर्करोग कोंबडीत आपोआप आणि इतका वरचेवर होतो की माणसातल्या त्या कर्करोगाच्या संशोधनासाठी कोंबडीचा अभ्यास केला जातो. या तिन्हींत बाहेरून दिसते ते एकच: जड पोट, खाली गेलेली शेपटी, रुंद पावलांची चाल.

पशुवैद्य यात काय करू शकतो, तर सोनोग्राफीने किंवा सुईने थोडा द्राव काढून आत काय आहे ते सांगू शकतो. पोटातले पाणी हळूहळू काढले की श्वास मोकळा होतो आणि कोंबडी त्याच संध्याकाळी दाणे टिपताना दिसते. ते सगळे एकदम काढले तर तिला धक्का बसू शकतो, म्हणून हे काम घरी सुई घेऊन करण्याचे नाही. बीजकोश थांबवणारी संप्रेरकाची बारीक कांडी त्वचेखाली बसवता येते आणि लवकर बसवली तर काही महिन्यांचा आराम मिळतो. माझ्याकडे सात वर्षांची एक करडी कोंबडी दर तीन आठवड्यांनी पाणी काढून घ्यायला येत असे. पहिल्यांदा आली तेव्हा ती दोन पावले चालून थांबायची आणि प्रत्येक श्वासाला शेपटी खालीवर हलायची. पाणी काढून टोपलीत ठेवल्यावर तिने आधी पंख झटकले आणि मग पुन्हा पुन्हा मान खाली घालून टोपलीतला पेंढा उकरायला सुरुवात केली. तिला त्यानंतर पाच महिने मिळाले. आजार बरा झाला नव्हता, पण ते महिने तिने मातीत लोळून आणि उन्हात पडून घालवले, आणि माझ्या मते ते पुरेसे कारण होते.

आजार नसताना आजारी भासवणाऱ्या दोन अवस्था असतात. पिसे झडण्याच्या हंगामात कोंबडी दोन-तीन महिने ओसाड, चिडकी आणि मलूल दिसते, पण तिच्या अंगावर नव्या पिसांचे कोंब असतात आणि ती खाते. खुडूक बसलेली कोंबडीही पिसे फुगवून बसते, पण हात नेला की गुरगुरते, चोच मारते. तुमची कोंबडी हात नेल्यावर काहीच करत नाही, म्हणून मी या दोन्ही शक्यता बाजूला ठेवतो.

औषधांविषयी मी मुद्दाम उशिरा बोलतो आहे. घरात उरलेली प्रतिजैविके देऊ नका. जंतुसंसर्ग नसेल तर त्यांचा उपयोग नाही, आणि असेल तर चुकीचे औषध अर्धवट दिल्याने जंतू चिवट होतात व पुढे पशुवैद्याच्या हातातले औषधही निकामी ठरते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांचे तर नावच काढू नका. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मोठ्या संख्येने मेली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पक्ष्याच्या मूत्रपिंडांना काय सोसते आणि काय नाही हे गोळीच्या पाकिटावरून कळत नाही. याचा अर्थ तिला दुखणे सोसू द्यावे असा नाही. पक्ष्यांना चालणारी वेदनाशामके आहेत, पशुवैद्य वजनावरून त्यांचे प्रमाण ठरवतो, आणि म्हाताऱ्या कोंबडीसाठी मी सर्वांत आधी जे मागून घ्यायला सांगेन ते हेच औषध. औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस कोंबडीची अंडी खायची नाहीत हेही त्याच वेळी विचारून घ्या.

खाद्याबाबत एक बदल मात्र आजच करता येईल. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात साधारण साडेतीन ते साडेचार टक्के कॅल्शियम असते. कवच घडवणाऱ्या कोंबडीला ते लागते. वर्षभर अंडे न देणारीला ते मूत्रपिंडांतून बाहेर टाकावे लागते आणि त्याचा भार वर्षानुवर्षे साचतो. म्हाताऱ्या कोंबड्यांना वाढीच्या वयाचे, एक टक्क्याच्या आसपास कॅल्शियमचे खाद्य द्यावे आणि ज्या अंडी देतात त्यांच्यासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्यांना हवा त्या तो खातात, बाकीच्या त्याला चोच लावत नाहीत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. जाऊ द्यावे का, याचे उत्तर मी वयावरून देत नाही आणि आजाराच्या नावावरूनही देत नाही. ऊब, पाणी आणि वेदनाशामक दिल्यावर दोन दिवसांनी ती काय करते यावरून देतो. ती स्वतः चोच बुडवून पिते का, आवडीचे काही पुढे केले तर उठते का, पिसे चोचीने साफ करते का, सोबतिणींच्या आवाजाला मान वळवते का. यांतले बहुतेक होत असेल तर वेळ द्यायला हरकत नाही. ती उभी राहू शकत नसेल, प्रत्येक श्वासासाठी झगडत असेल, किंवा सगळे करूनही दोन दिवस चोच उघडत नसेल, तर तिला जाऊ देण्याचा अर्थ कोपऱ्यात सोडून देणे असा होत नाही. उपासमारीने आणि तहानेने येणारे मरण शांत नसते, ते फक्त निःशब्द असते. पशुवैद्याकडून भूल देऊन दिलेले इंजेक्शन हा सर्वांत सौम्य मार्ग आहे. तो आवाक्यात नसेल तर मान एका झटक्यात निखळवण्याचे काम केवळ ज्याला ते नीट येते अशा माणसाकडूनच करून घ्या. पाण्यात बुडवणे किंवा थंडीत गोठू देणे हे क्रौर्य आहे. इंजेक्शन दिलेली कोंबडी खोल पुरावी, कारण तो देह खाणाऱ्या प्राण्यालाही ते औषध बाधते.

ती गेली आणि कारण कळले नसेल तर शवविच्छेदन करून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. देह पिशवीत बांधून, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळा, थंड ठेवा, पण गोठवू नका; गोठवल्याने आतल्या ऊतींची तपासणी बिघडते. उरलेल्या तिघींसाठी तीच सर्वांत उपयोगी माहिती ठरते. गाठ निघाली तर त्यांना धोका नाही, जंत किंवा संसर्ग निघाला तर आहे. एकाच वेळी दोन-तीन कोंबड्या आजारी पडल्या, अचानक मेल्या, डोके सुजले, तुरे निळे पडले किंवा माना वाकड्या झाल्या, तर माझे हे सगळे उत्तर बाजूला ठेवा: ते बर्ड फ्लू किंवा मानमोडीसारखे काही असू शकते, तेव्हा मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता पशुसंवर्धन अधिकाऱ्यांना कळवावे. एरवीही तिची विष्ठा साफ केल्यावर हात साबणाने धुवा आणि लहान मुलांना त्या खोक्यापासून दूर ठेवा, कारण पोट बिघडवणारा साल्मोनेला हा जंतू निरोगी दिसणाऱ्या कोंबडीतूनही येतो.

आणि ती सावरली तर तिला घाईने परत सोडू नका. वजन सलग चार-पाच दिवस टिकून असावे, सकाळी खाद्यपिशवी रिकामी असावी, आणि ती दिवसभर स्वतः खात असावी. आधी तिला तिघींपैकी सर्वांत शांत असलेल्या एकीसोबत दिवसा अंगणात सोडा, दाणे दोन ठिकाणी टाका म्हणजे तिला हुसकावले तरी ती उपाशी राहणार नाही, आणि एक दांडी जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवा. पहिल्या रात्री अंधार पडल्यावर एकदा डोकावून पाहा. ती दांडीवर इतरांना चिकटून बसली असेल तर ठीक, खाली कोपऱ्यात एकटी बसली असेल तर उचलून परत उबेच्या खोक्यात ठेवा आणि आणखी दोन दिवस थांबा.